कोपासचा डोंगर, लालबागचा गाळा : प्रकल्प नोंदी

६ मे २०२४

दादाचं काम आजपासून वहीत. दादा म्हणजे माझा मामेभाऊ, दिंडोरी तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. निम्मी बाग खायच्या द्राक्षांची, निम्मी वाइनच्या. घरालगतच्या पडवीत तो आजूबाजूच्या बागायतदारांना घेऊन बसतो, शनिवार-रविवारी शहरातले पाहुणेही येतात. त्या पडवीत त्याला टोकायचा उठावाचा नकाशा, म्हणजे डोंगर-उतार खरोखर उंच-सखल करून दाखवणारा, ठेवायचाय.

टोकाय हे हंगेरीच्या ईशान्येकडचं, चार हजारांच्या आसपास वस्तीचं गाव. बोद्रोग नदी तिथे टिसा नदीला मिळते आणि संगमाला खेटून एकटाच डोंगर उभा आहे, कोपास. पाचशे मीटरच्या किंचित वर. दादा काही वर्षांपूर्वी बागायतदारांच्या एका गटाबरोबर तिथे जाऊन आला. तेव्हापासून दर दिवाळीला त्या गावाचा विषय निघतोच.

"टॉवरची मॉडेलं करतेस ना, मग मला एक डोंगर करून दे," म्हणाला. बावीस वर्षं मी टॉवर करतेय. त्यात जमीन म्हणजे खाली चिकटवायचा हिरवा कागद. या वेळी जमीन हेच काम आहे, म्हणून लगेच हो म्हटलं.

चौकट: पूर्व-पश्चिम ९ किलोमीटर, दक्षिणोत्तर ७. प्रमाण १:१०,०००, म्हणजे ९० बाय ७० सेंटीमीटर. पूर्वेला टोकाय आणि संगम, पश्चिमेला तारत्साल, वरच्या काठावर बोद्रोगकेरेस्तूर. नदीपासून माथ्यापर्यंतचा चढ साधारण ४१५ मीटर. याच प्रमाणात केला तर चार सेंटीमीटरच्या आसपास भरेल आणि टेबलावर पोळपाट ठेवल्यासारखा दिसेल. म्हणून दर १० मीटरला एक समोच्च रेषा आणि प्रत्येक रेषेला दीड मिलिमीटरचा माउंट बोर्ड, म्हणजे जाड पुठ्ठा. ४२ थर, उंची दीडपट. दीडपट केल्याचं नकाशावर लिहायचं, लपवायचं नाही.

११ मे

उपग्रहाची उंचीची माहिती उतरवून घेतली, रेषा काढल्या. रात्रभर नावांशी झटापट. हंगेरियनमध्ये नुसता 'एस' असला की उच्चार 'श', त्यापुढे 'झेड' आला की 'स'. कोपास म्हणजे टकला. डोंगराला टकला म्हणणारी माणसं मला लगेच आपली वाटली, आपल्याकडेही डोंगरांना अशीच अंगाखांद्यावरची नावं असतात. शातोर म्हणजे तंबू. टोकायचा सगळा वाइनप्रदेश, २७ गावं, तीन तंबूसारख्या डोंगरांच्या मध्ये धरलाय असं तिकडचे जुने लोक सांगतात. तिसऱ्या कोपऱ्यावरचा तंबू हाच आपला कोपास. त्यातल्या एका गावाचं नाव माड. दादा फोनवर म्हणाला, "आणि तिथं माडी नाही, वाइन!" कोकणातल्या माणसाला हे नाव विसरायला होणार नाही.

तारत्सालच्या बाजूला एक उतार आहे, मेझेश माय. मेझ म्हणजे मध. भाषेचे अभ्यासक सांगतात की हा मेझ आणि आपला मध एकाच फार जुन्या शब्दापासून आले. अठराव्या शतकात इथल्या मळ्यांची प्रतवारी लावली तेव्हा हा उतार पहिल्या प्रतीत होता. १७३७ च्या राजाज्ञेने या प्रदेशाची हद्दही ठरवून दिली, कुठल्या गावाच्या वाइनला टोकाय म्हणायचं ते. दादाला सगळ्यात जास्त हेच लागलंय. त्याच्या गावात कुठल्या उताराला नाव आहे? गट नंबर आहे.

२३ मे

लेझर कटिंगवाल्याकडून थर आले. प्रत्येक थरावर वरच्या थराची रेघ पुसट कोरून घेतली होती, त्यामुळे बसवताना चूक होत नाही. कडा जळकट, गाळाभर करपलेल्या पुठ्ठ्याचा वास. बाबा येऊन बसले. वय ७८, आयुष्यभर फाउंड्रीत पॅटर्नमेकर, म्हणजे ओतकामाचे लाकडी नमुने करणारे होते, त्यामुळे थर त्यांच्या हातात दिला की ते आधी कडेवरून अंगठा फिरवतात आणि मग बोलतात. अठरा थर चढले. फेविकॉल, वर वजन म्हणून जुन्या फरशा.

२ जून

मोठी चूक केली होती. आज कळली.

पश्चिमेकडे, तारत्सालच्या वर, रेषा एकदम आत शिरत होत्या. डोंगराचा लचका तोडल्यासारखं दिसत होतं. मला वाटलं, माहितीतला दोष आहे. असे खड्डे मी आधीही पाहिलेत. मी सरळ रेषा गुळगुळीत करून टाकल्या, डोंगर पूर्ण केला. आज दादाला फोटो पाठवला तर पहिला प्रश्न, "खाण कुठं गेली?"

ती खाण आहे. दगडाची. कोपास हा विझलेल्या ज्वालामुखीच्या खडकाचा, आणि तारत्सालच्या बाजूने तो दगड वर्षानुवर्षं फोडून नेलाय. एका जुन्या खाणीत आता तळं आहे. दादा तिथे काठावर उभा राहिला होता.

मला फार वाईट वाटलं. मुंबईत वाढलेल्या मुलीला खाणीने खाल्लेला डोंगर ओळखता येऊ नये? मालाड-कांदिवलीकडे जाताना रेल्वेतून लहानपणी तेच तर पाहिलं. डोंगर अखंडच असणार असं मी धरून चालले, कारण नकाशा सुंदर करायचा होता. आता अकरा थर काढायचे, खरी रेषा परत घालायची. तीन दिवस जाणार. यापुढे दिसायला वाईट आहे म्हणून काहीही दुरुस्त करायचं नाही.

१९ जून

४२ वा थर बसला. आता पायऱ्या बुजवायच्या. पुट्टीत शाडूची माती मिसळून पातळ लेप, बोटाने.

कोपासचं पोट दगडाचं असलं तरी अंगावर लोएसची चादर आहे. लोएस म्हणजे हिमयुगात वाऱ्याने उडवत आणलेली बारीक पिवळी धूळ, थरावर थर बसत गेलेली. उत्तरेकडच्या माड, टाय्या या गावांत मळे ज्वालामुखीच्या मातीत आहेत, टफ (राखेचा दगड) आणि चिकणमाती. एकट्या टोकायच्या डोंगरावर लोएस जाड. म्हणून तिथली वाइन अंगाने हलकी आणि वासाने मोकळी असं दादा सांगतो. मी एक थेंब चाखलेला नाही, मी फक्त बोटाने धूळ पसरतेय. पण पसरताना एक गोष्ट हाताला कळली: लेप पायरीच्या कोपऱ्यात आपोआप जास्त बसतो आणि टोकावर कमी. डोंगराच्या पायथ्याशी उतार असा हलका का होत जातो ते मला कुठल्या आकृतीने इतकं नीट सांगितलं नव्हतं.

८ जुलै

रात्री धो धो. पहाटेपासून रेल्वे ठप्प, हिंदमाताला पाणी. गाळ्यात पाणी शिरलं नाही, पण छताच्या पत्र्यातून ठिबकेल म्हणून मी गेल्या आठवड्यातच नकाशाला जाड प्लास्टिक गुंडाळून ठेवलं होतं. आज पोचता आलं नाही.

१० जुलै

प्लास्टिक काढलं आणि आधी वास आला. ओल्या कपाटाचा. भिंगातून पाहिलं: नदीकाठच्या सपाट भागात राखाडी-हिरवे ठिपके, प्रत्येक ठिपक्याभोवती पांढरी लव, आणि लवेच्या टोकांवर बारीक दाणे. खालचे थर सगळ्यात मोठे, त्यांच्यामधला फेविकॉल आतून वाळलाच नव्हता. लेपाचं पाणी वरून. आणि मी सगळं प्लास्टिकमध्ये बांधून ठेवलं. आर्द्रता ८९. बुरशीला याहून चांगलं घर कोण देणार होतं. खालचा डावा कोपरा सहा मिलिमीटर वर उचललाय.

दादाला फोन केला, जवळजवळ रडवेली होते. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "अगं, त्या गावाचं सगळं बुरशीवरच तर चाललंय."

मला वरवर माहीत होतं, आज त्याने बसून नीट सांगितलं. तिकडे शरद ऋतूत सकाळी बोद्रोग आणि टिसाच्या पाण्यावरून धुकं उठतं. दोन नद्यांच्या मधला भाग, बोद्रोगझुग, पूर आला की पाण्याखाली जातो. तिथली ओल धुक्याला पुरते. धुकं डोंगराच्या अंगावर चढतं, घड ओले होतात, बोट्रायटिस नावाची बुरशी सालीत बारीक छिद्रं पाडते. दुपारी ऊन आणि वारा. छिद्रांतून पाणी उडून जातं, मणी सुकून सुरकुततो, आत साखर आणि आंबटपणा दाटतो. हा सुकलेला मणी म्हणजे ऑसू. बायका-पुरुष घडातून एकेक मणी हाताने वेचतात. दुपारचं ऊन आलंच नाही, सलग पाऊस लागला, तर तीच बुरशी घड कुजवून टाकते. त्या वर्षी ऑसू नाही.

"आमच्याकडं भुरी, डावणी असला रोग दिसला की रात्री झोप नाही," दादा म्हणाला. "आणि तिथला म्हातारा बुरशी लागली की नाही ते बघायला रोज सकाळी मळ्यात जातो. मी त्याच्या मागं मागं फिरलो. त्यानं एक मणी हातावर ठेवला. मनुकेसारखा, वर राखाडी भुकटी. मला आधी तोंडात घालवेना."

तळघरांतली बुरशी वेगळी, काळी. जमिनीखाली अरुंद बोगदे, वर्षभर १० ते १२ अंश, हवा ओलीचिंब. पिंपांतून उडणाऱ्या अल्कोहोलच्या वाफेवर ती बुरशी जगते आणि भिंतींवर मखमलीसारखी पसरते. दादाने हात लावला होता. मऊ, कोरडी, ओली नाही म्हणाला. पाहुणे तिच्यात नाणी रोवून जातात. त्यानेही दोन रुपयांचं रोवलं.

एवढं ऐकूनही पुठ्ठ्यावरची बुरशी काढावी लागणारच. पण रडू गेलं.

२१ जुलै

खालचे पाच थर फेकले, त्या जागी सनबोर्ड, म्हणजे प्लास्टिक फोमची पाटी. बाकीचा डोंगर स्पिरिटने पुसला, चार दिवस टेबलफॅन आणि शंभरचे दोन बल्ब. मग सीलरचे दोन हात. कोपरा बसला.

तरी पुठ्ठ्याचा नकाशा पडवीत टिकणार नाही. शेजारच्या कारखान्यातल्या मूर्तिकार काकांना दाखवला. ते गणपतीच्या गडबडीत, हात मातीचे, तरी पाच मिनिटं वाकून पाहिलं. "रबराचा साचा काढू, फायबरमध्ये ओतू. पण विसर्जन होऊ दे गं बाई." म्हणजे १७ सप्टेंबरनंतर.

१८ ऑगस्ट

वाट पाहण्याच्या दिवसांत बाबांनी सागवानाचं एक पिंप केलं, खऱ्याच्या एक-दशांश. तिकडच्या जुन्या पिंपाला गोन्त्स गावाचं नाव, त्यात १३६ लिटर मावतं. ऑसू मणी पाठीवरच्या लाकडी टोपलीत गोळा करत, ती पुत्तोन्य. एका टोपलीत साधारण २५ किलो. एका पिंपाला किती टोपल्या घातल्या त्यावर वाइनचा गोडवा मोजायचा, तीन टोपल्यांची, चार टोपल्यांची. २०१३ पासून नियम कडक झाले, आता पाच आणि सहा एवढ्याच राहिल्या. माप टोपलीने धरायचं हे बाबांना फार पटलं. कोकणात आजी भात कुडवाने मोजायची, किलो तिला शेवटपर्यंत कळला नाही आणि तिचं कधी चुकलंही नाही.

बाबांच्या पिंपाला अकरा फळ्या आहेत, प्रत्येक मधे फुगीर आणि दोन्हीकडे निमुळती. गोंद नाही. फक्त दोन पट्ट्यांनी धरलंय. पाणी भरून रात्रभर ठेवलं, सकाळी खाली वर्तमानपत्र कोरडं.

५ सप्टेंबर

आजपासून गाळा बंद. गणपतीचे दिवस, लालबागमध्ये पाय ठेवायला जागा नसते.

२४ सप्टेंबर

साचा निघाला, पहिलं ओतकाम झालं. खाणीची कड एका ठिकाणी फुटली. काकांनी तिथे रबर पुन्हा भरलं. दुसरं ओतकाम स्वच्छ. काकांच्या माणसाने विचारलं, हा कुठला देव? मी म्हटलं, डोंगर. त्याने तरी निघताना हात लावून कपाळाला लावला.

६ ऑक्टोबर

रंग. दक्षिणेकडचे, आग्नेयेकडचे मळे ऑक्टोबरच्या पिवळ्या-तांबूस रंगात, ओळी सुईने ओरखडून. माथ्याकडे झुडपं आणि रान. वरच्या चढांवर पूर्वी दगडी बांधांचे मळे होते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फिलॉक्सेरा या किडीने वेलींच्या मुळ्या खाल्ल्या. पुढे सरकारी शेतीच्या काळात यंत्रं चालतील अशा सपाट जमिनीवर लागवड सरकली आणि उभे चढ रानात गेले. ते बांध मी रानाच्या हिरव्याखालून पुसट दिसतील असे ठेवलेत. जवळून पाहणाऱ्यालाच दिसतील.

टिसाला तिकडे पिंगट केसांची म्हणतात, गाळामुळे. बोद्रोग तिच्यापेक्षा गडद केली. संगमाखाली दोन्ही रंग थोडा वेळ शेजारी-शेजारी वाहू दिले.

गाव या प्रमाणात लहानसंच. वीस मीटरची इमारत दोन मिलिमीटर. तरी तीन गोष्टी वेगळ्या उभ्या केल्या: टिसावरचा पूल, चर्च आणि सिनेगॉग. टोकायच्या वाइनचा व्यापार पिढ्यान्पिढ्या ज्यू कुटुंबांच्या हातात होता, त्यांच्या आधी ग्रीक व्यापारी होते. १९४४ मध्ये इथल्या ज्यूंना हद्दपार करून ऑशविट्झला नेलं. सिनेगॉग उभं आहे, तिथे आता सांस्कृतिक कार्यक्रम होतात. दोन मिलिमीटरचा ठोकळा, पण तो बसवायला मला एक तास लागला. रंग पांढराच ठेवला.

१३ ऑक्टोबर

दिवा. ही बाबांची कल्पना आणि सगळ्या कामातली सगळ्यात चांगली. लोखंडी पट्टीचा हात, टोकाला छोटा एलईडी, बुडाशी शाळेतला कोनमापक. दक्षिणेकडून ऊन टाकायचं.

टोकाय ४८ अक्षांशाच्या किंचित वर. २८ ऑक्टोबरला तिथे भर दुपारी सूर्य क्षितिजापासून २९ अंश. तारीख मुद्दाम तीच घेतली: संत सिमोन आणि युदाचा दिवस, तिकडे वेचणीची सुरुवात परंपरेने त्या दिवशी.

गाळ्यातले दिवे बंद केले, पट्टी २९ वर आणली. मेझेश मायचा उतार उजळला. उत्तरेची बाजू काळवंडली, तीव्र चढ तर पूर्ण सावलीत. उंची दीडपट असल्याने सावली खऱ्याहून गडद पडते, तेही नकाशावर लिहिलंय. पण मळे कुठे आणि रान कुठे ते रंग न पाहताही कळत होतं. मी रंगवलेली हद्द आणि दिव्याची हद्द बऱ्याच ठिकाणी एकमेकींवर बसत होती. बाबा म्हणाले, "परत कर." चार वेळा केलं.

धुक्यासाठी कापूस लावून पाहिला, नाताळच्या सजावटीसारखा दिसला, काढला. ऑफिसच्या काचांना लावतात ती दुधी फिल्म एका अ‍ॅक्रिलिकच्या तुकड्यावर चिकटवली, बोद्रोगझुगवरून डोंगराच्या पायथ्यापर्यंत चढेल अशा जिभेच्या आकारात. चार छोट्या पायांवर उभी राहते, हाताने उचलता येते. पहाट हवी तर ठेवायची, दुपार हवी तर उचलायची.

२८ ऑक्टोबर, दिंडोरी

काल टेम्पोतून आणला, कसारा घाटात दोनदा थांबून दोऱ्या तपासल्या. काही झालं नाही.

फळछाटणी उरकलेली, बागा उघड्या-बोडक्या, काड्यांवर डोळे फुगलेले. तिकडे आज वेचणी, इथे वेल आत्ता कुठे जागा होतोय. संध्याकाळी पडवीत पंधरा-सोळा बागायतदार. वहिनींनी चहा केला. दादा बोलला, मी दिवा धरला. धुकं उचललं तेव्हा मागून कोणीतरी "हां" म्हणालं. बुरशीचं सांगताना सगळे दादाकडे संशयाने पाहत होते, एका काकांनी तर स्पष्टच विचारलं, "म्हंजे फवारणी करतच नाहीत?" करतात, भुरी-डावणीसाठी त्यांनाही करावी लागते. एकाच बुरशीची वाट पाहायची आणि बाकीच्यांशी लढायचं.

मग त्याच काकांनी विचारलं, "ताई, आपल्याकडचा सूर्य दाखवा की."

याची तयारी नव्हती. मोबाइलवर हिशेब केला. दिंडोरी २० अक्षांशावर, आजच्या तारखेला दुपारी सूर्य ५७ अंशांवर. पट्टी वर नेली. कोपासची उत्तर बाजू उजळली. सावली जवळजवळ गेलीच. पडवीत कोणी बोलेना.

"मग आपल्या डोंगराला उतार असून उपयोग काय?" काकांनी विचारलं.

दादाने लगेच उत्तर दिलं नाही. बाहेर रामशेज किल्ला अजून दिसत होता. मग म्हणाला, उन्हाने इथे एवढा फरक पडत नसेल, पण पाण्याने पडतो. वरच्या मुरमाड जमिनीत पाणी थांबत नाही, खालच्या काळ्या जमिनीत वेल माजतो. रात्री गार हवा उतारावरून खाली येऊन कुठे साठते ते थंडीत प्रत्येकाला ठाऊक असतं. "तुमच्या खालच्या कोपऱ्यात भुरी आधी येते की नाही?" काका म्हणाले, येते. शेजारच्याने आपलं सांगितलं. कुठला ओढा, कुठला बांध, कुठे दव उशिरा उडतं. साडेनऊपर्यंत चाललं. मी मागच्या कागदावर जमेल तेवढं लिहून घेतलं, अकरा जागा झाल्या. त्यातल्या तिघींना जुनी नावं निघाली, सात-बाऱ्यावर नसलेली.

६ नोव्हेंबर

गाळ्यात परत. दिंडोरीची उंचीची माहिती उतरवली. चौकट तीच, ९ बाय ७. समोच्च रेषा या वेळी ५ मीटरला, कारण तिथले फरक बारीक आहेत. तळाला पहिल्यापासून सनबोर्ड. अकरा जागांवर खुणा करायच्या आहेत, त्यासाठी दादाने त्या बागायतदार काकांना घेऊन शिवारात फिरून फोटो पाठवायचे. बाबांनी कोनमापक मागून घेतलाय.